दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपले नाव नाही!
'गो' या प्रोग्रॅमिंग भाषेतील एका हट्टी नियमाविषयी

एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरच्या उत्तराची किती वेळ वाट पाहायची, हे सांगणारी एक छोटीशी ओळ बहुतेक मोठ्या संगणकप्रणालींच्या सेटिंगच्या फाइलमध्ये असते. समजा, एखाद्याने तेथे ३० हा आकडा लिहिला. लिहिणाऱ्याच्या मनात अर्थातच ३० सेकंद आहेत. 'गो' भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम मात्र तीच फाइल वाचतो आणि त्याचा अर्थ ३० नॅनोसेकंद असा घेतो. एका सेकंदाचे १०० कोटी भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे नॅनोसेकंद. तीस नॅनोसेकंदांत प्रकाशदेखील जेमतेम नऊ मीटर जातो. पलीकडचा सर्व्हर कितीही तत्पर असला, तरी प्रत्येक विनंती 'वेळ संपली' असा शेरा घेऊन परत येते. फाइलमध्ये लेखनाची चूक नाही, प्रोग्रॅम नियमाप्रमाणे चालला आहे आणि तरीही सेवा ठप्प.

'गो'शी परिचय असलेल्या कोणाही प्रोग्रॅमरला यावरचा उपाय पहिल्या मिनिटात सुचतो. कालावधी मोजण्यासाठी या भाषेच्या 'टाइम' पॅकेजमध्ये 'ड्युरेशन' नावाचा टाइप तयार आहे. '३०एस' असा मजकूर दिसला, की त्याचा अर्थ ३० सेकंद घ्यायचा, एवढे शहाणपण या टाइपला शिकवले की झाले. त्यासाठी एक लहानशी मेथड लिहायची. प्रोग्रॅमर ती लिहितो, प्रोग्रॅम तयार करायला घेतो आणि कंपायलर त्याला दारातच अडवतो. स्थानिक नसलेल्या टाइपवर नवी मेथड घोषित करता येणार नाही, अशा अर्थाचा एका ओळीचा संदेश पडद्यावर येतो. 'गो' शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला या संदेशाने कधी ना कधी गाठलेले असते.

नियम साधा, अपवाद नाही

'गो'चा जन्म 'गूगल'मधला. रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन या तिघांनी २००७ मध्ये तिची आखणी सुरू केली, १० नोव्हेंबर २००९ रोजी ती जगासमोर आली आणि मार्च २०१२ मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाली. यांपैकी थॉम्प्सन हे 'युनिक्स'च्या जनकांपैकी एक. साहजिकच काटकसर हा या भाषेचा स्वभाव ठरला. एकच काम करण्याच्या पाच वाटा ठेवण्यापेक्षा एकच वाट, पण ठळक, असा तिचा एकंदर कल आहे.

या भाषेत 'टाइप' म्हणजे माहितीचा नमुना. पूर्णांक, मजकूर, ग्राहकाची नोंद, कालावधी हे सारे टाइप होत. 'मेथड' म्हणजे त्या टाइपला जोडलेली कृती. कालावधीला 'तुझे सेकंद किती?' असे विचारता येते, ते मेथडमुळे. आणि 'पॅकेज' म्हणजे एकत्र नांदणाऱ्या फाइलींचा गट. नियम असा, की ज्या पॅकेजमध्ये टाइप घोषित झाला, त्याच पॅकेजमध्ये त्याच्या मेथडी लिहिल्या गेल्या पाहिजेत. फाइल वेगळी चालेल, पॅकेज वेगळे चालणार नाही. पूर्णांक किंवा मजकूर यांसारखे भाषेतच अंगभूत असलेले टाइपही यातून सुटत नाहीत, कारण तेही प्रोग्रॅमरच्या पॅकेजात जन्मलेले नसतात.

नवशिक्यांची खरी फसगत मात्र टाइप स्वतःचाच असतो तेव्हा होते. अन्य भाषांतून आलेली मंडळी सवयीने आपल्या प्रकल्पाचे तुकडे पाडतात. नोंदींचे टाइप 'मॉडेल्स' नावाच्या पॅकेजात आणि त्यांच्यावरचे कामकाज 'हँडलर्स' नावाच्या दुसऱ्या पॅकेजात. दोन्ही आपलीच, दोन्ही एकाच संगणकावर, म्हणून दुसऱ्यातून पहिल्याला मेथड जोडायला जावे, तर तोच संदेश समोर येतो. कंपायलरच्या लेखी मालक कोण याला महत्त्व नाही, पत्ता कोणता याला आहे. येथे तक्रारीपेक्षा आत्मपरीक्षण अधिक उपयोगी. नोंद आणि तिचे वर्तन दोन घरांत ठेवण्याची ही पद्धत 'गो'ला मुळातच मानवत नाही. मेथड टाइपशेजारी न्यावी किंवा मेथडचा आग्रह सोडून साधे फंक्शन लिहावे, हे दोनच मार्ग उरतात.

हा हट्ट कशासाठी?

एखाद्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर कोणीही येऊन आपले नाव लावू लागला, तर त्या उताऱ्याला काही अर्थ उरणार नाही. येथेही काहीसे तसेच आहे. समजा, दोन निरनिराळ्या संस्थांनी लिहिलेली दोन पॅकेजे एकाच प्रोग्रॅममध्ये वापरली आहेत. पहिल्याने 'ड्युरेशन'ला जेसन वाचण्याची मेथड जोडली आणि तिच्यात ३० म्हणजे सेकंद मानले. दुसऱ्याने त्याच नावाची मेथड जोडली आणि ३० म्हणजे मिलिसेकंद मानले. आता प्रोग्रॅमने कोणाचे ऐकायचे? ज्याचे नाव आधी आले त्याचे, की नंतर आले त्याचे?

'गो'मध्ये हा प्रश्न अधिकच चिघळला असता, आणि त्याचे कारण या भाषेतील 'इंटरफेस'च्या रचनेत आहे. अमुक मेथडी ज्याच्याकडे आहेत तो माझा, असे इंटरफेस सांगतो. टाइपने मात्र 'मी तुझा' असे कोठेही लिहून द्यावे लागत नाही. मेथड जुळली, की नाते जुळले. जेसन वाचणारे किंवा पडद्यावर छापणारे प्रमाणित पॅकेज प्रोग्रॅम चालू असताना हाती आलेल्या वस्तूला विचारते, 'स्वतःला वाचण्याची वा छापण्याची मेथड तुझ्याकडे आहे काय?' असल्यास तीच वापरली जाते. त्या क्षणी ती वस्तू कोणत्या फाइलमधून आली आणि त्या फाइलने कोणती पॅकेजे मागवली होती, याचा मागमूस नसतो. म्हणजे परक्या टाइपवर मेथड जोडण्याची मुभा असती, तर दूर कोठेतरी, कोणाच्या तरी पॅकेजच्या पोटात दडलेल्या चार ओळींनी सगळ्या प्रोग्रॅममधील कालावधींचे वाचन बदलले असते. हे शोधून काढणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे.

ही भीती काल्पनिक नाही. 'जावास्क्रिप्ट' भाषेत परक्या टाइपला कृती चिकटवण्याची पूर्ण मोकळीक आहे. 'मूटूल्स' नावाच्या एकेकाळी लोकप्रिय असलेल्या लायब्ररीने भाषेच्या अंगभूत 'अॅरे'ला 'फ्लॅटन' नावाची आपली कृती जोडली होती. पुढे भाषेच्या प्रमाणीकरण समितीने याच नावाची अधिकृत कृती आणायचे ठरवले, तेव्हा २०१८ मध्ये 'फायरफॉक्स'च्या चाचणी आवृत्तीत एक लोकप्रिय संकेतस्थळ मोडल्याचे आढळले. जुनी लायब्ररी वापरणारी संकेतस्थळे बंद पाडायची, की नाव सोडायचे, यावर बरेच रण माजले. नाव बदलून 'स्मूश' करावे, अशी थट्टेवारी नेलेली सूचनाही झाली आणि या वादाला 'स्मूशगेट' असेच नाव पडले. अखेर २०१९ च्या प्रमाणात ती कृती 'फ्लॅट' या नावाने आली. कोणा लायब्ररीने वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या टाइपवर टाकलेल्या हक्कामुळे सबंध भाषेला माघार घ्यावी लागली ती अशी. 'रूबी' भाषेतही वर्ग असेच सताड उघडे असतात. तेथे या प्रकाराला 'मंकी पॅचिंग' म्हणतात, आणि त्याला आवर घालण्यासाठी २०१३ च्या २.० आवृत्तीत मर्यादित व्याप्तीची निराळी सोय द्यावी लागली.

'सी शार्प' आणि 'कोटलिन' या भाषांनी मधला मार्ग काढला. त्यांची 'एक्स्टेन्शन' दिसायला मेथडसारखी, पण आतून साधी फंक्शने असतात आणि कोणते फंक्शन बोलवायचे हे प्रोग्रॅम तयार होतानाच ठरते. लिहिणाऱ्याची सोय होते हे खरे. तथापि सुरुवातीच्या ३० नॅनोसेकंदांच्या पेचाला हा मार्ग उपयोगाचा नाही, कारण चालू प्रोग्रॅममध्ये 'मेथड आहे काय?' अशी चौकशी झाल्यास असे एक्स्टेन्शन तेथे दिसतच नाही. 'रस्ट'ची तडजोड याहून सूक्ष्म आहे. इंटरफेसशी मिळताजुळता तेथील 'ट्रेट' आपला असला, तर तो परक्या टाइपला लावता येतो. परका ट्रेट परक्या टाइपला मात्र लावता येत नाही. 'गो'मध्ये नाते अघोषित असल्याने हा भेद करायला जागाच उरत नाही. म्हणून सरसकट मनाई.

यात एक सांत्वन आहे. परक्या टाइपवर मेथड लिहू दिली असती, तरी त्याच्या खासगी भागांना हात लावता आला नसता, कारण 'गो'मध्ये खासगीपणाची सीमाही पॅकेजचीच असते. म्हणजे हातून निसटते ती फक्त लिहिण्याची एक पद्धत आणि इंटरफेसशी जुळण्याची संधी.

एकच पेच, दोन उत्तरे

मग 'ड्युरेशन'चे करायचे काय? या प्रश्नाला दोन नामांकित प्रकल्पांनी दिलेली दोन वेगळी उत्तरे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत.

पहिला प्रकल्प 'प्रोमेथिअस'. सर्व्हरांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणारी ही प्रणाली 'साउंडक्लाउड' या संगीत कंपनीत २०१२ मध्ये आकाराला आली. तिने आपल्या पॅकेजात 'ड्युरेशन' याच नावाचा नवा टाइप घोषित केला आणि त्याचा पाया म्हणून 'टाइम'चा 'ड्युरेशन' दिला. घोषणा एका ओळीची. आतला साठा तोच, ६४ बिटांचा पूर्णांक. पण नाव नवे, पत्ता नवा आणि सातबारा कोरा. आता या टाइपवर हव्या त्या मेथडी लिहिता येतात.

सातबारा कोरा, हे शब्दशः खरे आहे आणि येथेच अनेकांचा पाय घसरतो. नवा टाइप जुन्याचा साठा घेतो, पण जुन्याच्या मेथडी घेत नाही. सेकंद सांगणारी, तास सांगणारी, वाचनीय मजकूर देणारी अशा साऱ्या मेथडी मागे राहतात. त्या हव्या असतील, तर त्याचे मूळ टाइपमध्ये रूपांतर करून मग मागाव्या लागतात. या रूपांतराला प्रोग्रॅम चालताना काही खर्च येत नाही, लिहिणाऱ्याची बोटे तेवढी दुखतात. कालावधीच्या बाबतीत हे परवडते. 'सिंक' पॅकेजमधील 'म्युटेक्स' या कुलुपाचा असा नवा टाइप केला, तर मात्र हाती जे कुलूप येते त्याला ना लावण्याची मेथड, ना उघडण्याची. भाषेच्या अधिकृत नियमपुस्तिकेत नेमके हेच उदाहरण दिले आहे.

'प्रोमेथिअस'ला कोरा सातबारा अडचणीचा ठरला नाही, उलट सोयीचा ठरला असावा, असे तिच्या गरजा पाहता वाटते. 'गो'चे प्रमाणित पॅकेज तासापर्यंतचीच एकके ओळखते. दिवस किंवा त्याहून मोठे एकक तेथे मुद्दामच ठेवलेले नाही, कारण जेथे उन्हाळ्यात घड्याळे पुढे सरकवतात, अशा देशांत दिवस नेहमी २४ तासांचा नसतो. 'प्रोमेथिअस' वापरणारा मात्र 'गेल्या १५ दिवसांची आकडेवारी ठेव' असेच म्हणणार. म्हणून या प्रणालीने दिवस, आठवडा, वर्ष ही एकके स्वीकारली आणि मजकूर वाचण्याची व छापण्याची कृती स्वतः लिहिली. ज्याला भाषाच बदलायची आहे, त्याला जुन्या मेथडी वारशात न मिळणे हा लाभच.

दुसरा प्रकल्प 'कुबरनेटीस'. हजारो सर्व्हरांवर प्रोग्रॅम पसरवून चालवणारी ही प्रणाली 'गूगल'ने २०१४ मध्ये खुली केली. तिलाही कालावधी फाइलमध्ये '३०एस' असाच हवा होता. तिने नवा स्ट्रक्ट, म्हणजे अनेक भाग सामावणारा टाइप, घोषित केला आणि त्याच्या पोटात मूळ 'ड्युरेशन' बिननावाने ठेवला. याला 'एम्बेडिंग' म्हणतात. एम्बेड केलेल्या टाइपच्या मेथडी बाहेरच्या टाइपवर आपोआप उपलब्ध होतात. सेकंद सांगणारी मेथड जशीच्या तशी मिळाली. जेसन वाचण्याची आणि लिहिण्याची मेथड तेवढी 'कुबरनेटीस'ने स्वतः जोडली. जुने सगळे ठेवून थोडीशी भर घालायची असेल, तर हा मार्ग सरस.

किंमत येथेही मोजावी लागते, फक्त निराळ्या खिडकीवर. स्ट्रक्ट म्हणजे पूर्णांक नव्हे. त्यामुळे दोन कालावधींची थेट बेरीज करता येत नाही, प्रत्येक वेळी पोटातला 'ड्युरेशन' बाहेर काढावा लागतो. शिवाय एम्बेडिंग म्हणजे वारसा, असा गैरसमज करून घेणाऱ्याला ते हमखास फसवते. वारशाच्या भाषांमध्ये वरच्या वर्गाची कृती खालच्या वर्गाने बदललेली कृती बोलावते. 'गो'मध्ये आतला टाइप बाहेरच्याला ओळखतच नाही. 'टाइम' पॅकेजमधील 'टाइम' या टाइपला पोटात घेऊन आपली 'तारीख' बनवली आणि तिच्यात दोन तास मिळवले, तर उत्तर म्हणून मूळ 'टाइम' मिळतो, आपली 'तारीख' नव्हे.

गायब होणारी नोंद

एम्बेडिंगचा सर्वांत वाईट सापळा मात्र वेगळाच आहे. तो गाजावाजा न करता माहिती गिळतो, म्हणून त्याची वेगळी दखल घ्यायला हवी.

समजा, एखाद्या रुग्णालयाच्या प्रणालीत 'भेट' नावाचा स्ट्रक्ट आहे. त्यात रुग्णाचे नाव, खोली क्रमांक आणि भेटीची वेळ. वेळेच्या मेथडी थेट वापरता याव्यात म्हणून प्रोग्रॅमरने 'टाइम' हा टाइप एम्बेड केला. सारे सुरळीत चालले. मग एके दिवशी ही नोंद जेसनमध्ये बदलून दुसऱ्या संगणकाकडे पाठवली गेली आणि तेथे पोहोचली ती निव्वळ वेळ. ना नाव, ना खोली. एररही नाही.

कारण तेच, मेथड जुळली की नाते जुळले. 'टाइम'कडे स्वतःला जेसनमध्ये लिहिण्याची मेथड आहे. एम्बेडिंगमुळे ती 'भेट'लाही मिळाली. जेसनच्या पॅकेजने 'भेट'ला विचारले, 'स्वतःला लिहिता येते काय?' उत्तर आले, 'हो.' आणि लिहिली गेली फक्त वेळ, कारण त्या मेथडला वेळेपलीकडचे काही ठाऊकच नाही. उपाय सोपा आहे, वेळेला नाव देऊन साधा भाग म्हणून ठेवणे. पण तो सुचण्यापूर्वी अनेकांच्या रात्री गेल्या आहेत. मेथडी फुकट मिळतात, या आनंदात कोणकोणत्या मिळाल्या याची यादी पाहिली जात नाही.

टोपणनावाने भागत नाही

ऑगस्ट २०१७ मधील १.९ आवृत्तीत 'टाइप एलियस' ही सोय आली, तेव्हा या नियमातून पळवाट मिळाली, अशी काहींची समजूत झाली. घोषणेत एक बरोबरचे चिन्ह घातले, की परक्या टाइपला आपल्या पॅकेजात नाव मिळते. पण ते टोपणनाव. माणूस तोच. त्यामुळे परक्या टाइपच्या टोपणनावावर मेथड लिहायला जावे, तर कंपायलर पूर्वीसारखाच अडवतो. ही सोय होती ती टाइपचा पत्ता बदलताना जुन्या पत्त्यावरची टपाले परत जाऊ नयेत म्हणून. 'कॉन्टेक्स्ट' हे पॅकेज २०१६ मध्ये प्रमाणित संग्रहात हलवले गेले, तेव्हा अशा सोयीची निकड जाणवली होती.

'गो'चा स्वतःचा प्रमाणित संग्रह चाळला, तर पहिला उपाय, म्हणजे नवे नाव आणि कोरा सातबारा, पानोपानी दिसतो. 'टाइम'चा 'ड्युरेशन' हाच मुळी ६४ बिटांच्या पूर्णांकाला दिलेले नवे नाव आहे. महिना हा नुसता पूर्णांक, पण नवा टाइप केल्याने तो स्वतःचे नाव सांगू शकतो. इंटरनेटवरचा पत्ता म्हणजे बाइटांची रांग, वेबच्या विनंतीचे हेडर म्हणजे एक मॅप, आणि 'हँडलरफंक' तर चक्क फंक्शनला दिलेले नवे नाव असून त्यावरही मेथड आहे. ज्या नियमाने बाहेरचे प्रोग्रॅमर अडखळतात, त्याच नियमाखाली भाषेच्या कर्त्यांनी आपले घर बांधले आहे.

आणि बऱ्याचदा यातले काहीच लागत नाही. मजकूर मोठ्या लिपीत करण्याची कृती 'गो'मध्ये मजकुराची मेथड नाही, ती 'स्ट्रिंग्ज' पॅकेजमधील साधे फंक्शन आहे. इंटरफेसशी नाते जुळवायचे नसेल, तर परक्या टाइपसाठी असे फंक्शन लिहिणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. टिंब देऊन बोलावल्याचे समाधान तेवढे मिळत नाही.

राहता राहिला ३० नॅनोसेकंदांचा प्रश्न. प्रमाणित संग्रहातच 'ड्युरेशन'ला ती मेथड का जोडू नये, ही सूचना जुनी आहे. पण पहिल्या आवृत्तीसोबत 'गो'च्या कर्त्यांनी एक वचन दिले, की आज चालणारा प्रोग्रॅम पुढील आवृत्त्यांतही चालेल. असंख्य प्रणालींनी आपले कालावधी जेसनमध्ये नॅनोसेकंदांच्या आकड्यांत साठवून ठेवले आहेत आणि ३० सेकंद तेथे ३००० कोटी या संख्येने उभे आहेत. लिहिण्याची पद्धत एकाएकी बदलली, तर त्या आकड्यांची अपेक्षा धरून बसलेले पलीकडचे प्रोग्रॅम कोलमडतील. ऑगस्ट २०२५ मधील १.२५ आवृत्तीत जेसनचे नवे पॅकेज प्रयोगादाखल देण्यात आले, तेही जुन्याला धक्का न लावता, शेजारी. त्यामुळे 'ड्युरेशन'भोवती स्वतःचा टाइप गुंफणारी ती वीस-पंचवीस ओळींची फाइल, कधी 'प्रोमेथिअस'च्या पद्धतीची, कधी 'कुबरनेटीस'च्या, प्रकल्पागणिक नव्याने लिहिली जाते.